ओट्यावरचे भाव

तपासनीस बाईंच्या टेबलावर दरमहा अकरा बाजारांच्या भावांचे तक्ते यायचे. दहा बाजारांचे आकडे कधी उसळत, कधी मान टाकत. अकरावा, डोंगरापलीकडचा, मात्र चार वर्षं एकाच चालीने चालला होता. तिथे सगळंच स्वस्त, म्हणून तिथली दारिद्र्यरेषाही खाली ओढलेली. आणि रेषा खाली, म्हणून कागदोपत्री तिथे गरीब जवळजवळ कोणीच नाही. शेवटी तिथल्या मास्तरांचं पत्र आलं, की मुलं उपाशीपोटी वर्गातच झोपतात. साहेबांनी बाईंना स्वतः जाऊन बघायला सांगितलं.

तिथले भाव गोळा करणारे, ज्यांना कचेरीत सगळे भावकाका म्हणत, बरोबर होते. एरवी त्यांच्या तोंडाला खीळ नसायची. त्या दिवशी वाटभर गप्प.

बाजार म्हणजे दगडी ओट्यांच्या सहा रांगा. फटींतून गुडघाभर गवत वाढलेलं. माणूस नाही, माल नाही, कुत्रंसुद्धा नाही. फक्त शेवटच्या ओट्यावर एक म्हातारी रिकाम्या पोत्यांच्या घड्या लावून, समोर तराजू मांडून बसली होती.

काकांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "आजी, तांदूळ?"

"अठ्ठावीस. गेल्या खेपेपेक्षा एकाने चढलाय."

डाळ, तेल, मीठ. म्हातारी न अडखळता सांगत गेली, काका लिहीत गेले. मधेच ती बाईंच्या मागे, मोकळ्या वाटेकडे बघून म्हणाली, "जरा सरकून उभी राहा गं, मागच्यांना येऊ दे."

बाई सरकल्या. 

परतताना काकांनी सगळं सांगितलं. नवा रस्ता खालून गेला आणि बाजार उठला. पहिल्या महिन्यात त्यांनी 'बाजार बंद' असं लिहून पाठवलं, तर रिकामा तक्ता चालत नाही म्हणून तो परत आला होता. विक्रेत्याच्या तोंडचा भाव लिहा, असा शेरा होता. विक्रेती उरली होती ती ही एकच. शेऱ्याखाली सही कोणाची, ते काका बोलले नाहीत. बाईंना आठवत होतं. सही त्यांचीच होती.

म्हातारी हे भाव आणते कुठून, हे काकांनी कधी विचारलंच नव्हतं. म्हणून बाई वाटेतच वस्तीकडे वळून तिच्या घरी गेल्या. सून दारात भांडी घासत होती. आठवड्यातून दोनदा ट्रक येतो, सगळे त्याच्यावरूनच घेतात, तांदूळ बावन्न, असं तिने सांगितलं. बाईंनी अठ्ठावीसचं विचारलं, तशी तिने वाटेकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"सासूबाईंना मीच सांगते तसं. खरा भाव कळला तर त्या घास गिळणार नाहीत. म्हणतील, माझं राहू दे, लेकरांना वाढ."

बाईंनी तिला समजावून सांगितलं, की तोच आकडा ओट्यावरून तक्त्यात गेला, तक्त्यातून रेषेत, आणि त्या रेषेपायी तिचं घर स्वस्त धान्याच्या यादीतून बाहेर पडलं. सुनेने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"म्हणजे आमचं नाव मीच खोडलं."

बाईंना आपली सही सांगायची होती. त्याऐवजी त्यांनी ट्रकवरच्या डाळीचा भाव विचारला.

त्यांनी ट्रकचे भाव लिहिले. रेषा वर सरकली, वर्षाने वस्तीतली दोनशे घरं यादीत आली. यादी ऐकायला सगळे शाळेत जमले, तेव्हा मास्तरांनी भावांचा नवा तक्ताही मोठ्याने वाचून दाखवला. मागच्या रांगेत म्हातारी बसलीय, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

बाई पुन्हा गेल्या तेव्हा ओटा रिकामा होता. म्हातारी घरात भिंतीकडे तोंड करून पडलेली. सून म्हणाली, घरात आता धान्य आहे, पण त्या दोन घासांवर उठतात. आता खरंच स्वस्त मिळतं, असं शपथेवर सांगितलं, तर म्हणतात, तू आधीही असंच सांगायचीस.

बाई उशाशी टेकल्या. म्हातारीने मान न वळवता त्यांना ओळखलं.

"कचेरीतली ना तू? पाच वर्षं मी बावन्नाचा भात खाल्ला. त्यात लेकरांच्या वाट्याचा किती गेला, तेवढं मांडून दे मला."

तो हिशेब बाईंना कागदाशिवाय आला असता.  म्हातारी भिंतीकडे बघत आकड्याची वाट पाहत राहिली.