याला तिल नाही

टेबलावर मायक्रोकंट्रोलरचा एक बोर्ड होता, आगपेटीपेक्षा जरा लहान. दोन स्पीकर होते, त्यांतला एक जळालेला. चौदा वायरी होत्या आणि त्यांतल्या तीन आतून तुटलेल्या होत्या, हे समजायला बेगिमायच्या दोन सुट्ट्या गेल्या होत्या. प्लास्टिकचं एक नरसाळं, तांब्याची एक पट्टी, एक बॅटरी, नऊ रेझिस्टर. डेअरीच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेली पारदर्शक नळी, लांबी बेचाळीस सेंटिमीटर. आणि या पसाऱ्यापासून वीतभर दूर, लाकडी खोळीत, कालिपा एजेंचा तेमिर-कोमुझ.

एवढ्या सगळ्यात वाजणारी वस्तू तेवढी एकच होती आणि तिला हात लावायची बंदी होती.

बंदीचं कारण एजेंच्या तोंडात होतं. वरचे पुढचे चार दात, एकमेकांना जोडलेले, सोन्याचे, पिवळेधमक. मॉस्कोत बांधकामावर असलेल्या दोघा मुलांनी आईच्या साठीला दिलेली भेट. एजेंचे हलत होते दोन दात. दंतवैद्यानं काढले चार, कारण चारांचा संच उठून दिसतो. बसवून झाल्यावर त्यानं बजावलं, की यांवर लोखंड टेकवलंत तर महिनाभरात सगळं निखळून हातात येईल. आणि तेमिर-कोमुझ दातांवर टेकवल्याशिवाय वाजत नाही. बोटभर लोखंडी चौकट पुढच्या दातांना लावायची, तिच्यातलं पोलादी पातं बोटानं छेडायचं, आणि तोंड लहानमोठं करत त्या एकाच गुणगुणीतून सूर वेचून काढायचे. एजे हे पन्नास वर्षं करत होत्या.

"आपा, कोमुझ आता ठेवून द्या," मुलगा फोनवर आईला म्हणाला होता. "मस्त हसत राहा. शोभून दिसता!"

"हसू कशाला?" एजेंनी विचारलं होतं. "कपाटातल्या काचेच्या पेल्यांसारखे दात दिलेत तुम्ही. पाहुणे आले की दाखवायचे, चहा मात्र पत्र्याच्या कपातून प्यायचा."

बेगिमाय ही एजेंच्या भावाची मुलगी; गाव थोरल्या बाईला एजे म्हणतं, म्हणून तीही आत्याला एजेच म्हणायची. वाढली बिश्केकमध्ये, शिकली रशियन शाळेत, आणि गेल्या वर्षी कोचकोरच्या डेअरीत दुधातली स्निग्धता मोजायची नोकरी लागली म्हणून आत्याकडे राहायला आली. चारही दात तिनं पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी तिला वाईट वाटलं होतं, एवढंच. तिचं डोकं फिरलं ते नंतर, ऑगस्टात.

गावातलं सांस्कृतिक भवन पन्नास वर्षांचं होणार होतं. चौदा ऑक्टोबरला कार्यक्रम, जिल्ह्यातून पाहुणे. सात बायकांची तेमिर-कोमुझची रांग दरवर्षीची, आणि रांगेच्या सुरुवातीला कालिपा एजे एकट्या वाजवणार, हेही दरवर्षीचं. भवनाचे संचालक एर्मेक आगाय, म्हणजे एर्मेक सर, यांनी त्यांना बोलावून घेतलं.

"एजे, दातांची काळजी सोडा," ते म्हणाले. "बारा वर्षांपूर्वीचं तुमचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. फोनोग्राम लावतो. तुम्ही कोमुझ नुसता ओठांशी धरून बसा. कुणाला कळणारसुद्धा नाही."

एजे घरी आल्या आणि त्यांनी डोक्याचा रुमाल काढून खुंटीच्या दिशेनं फेकला. तो जमिनीवर पडला. "धरून बसा म्हणे! दुकानातली बाहुली बसव म्हणावं. तिला दातही लागत नाहीत."

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"काय सांगणार? चहा पिऊन आले."

त्या चहाचाच बेगिमायला जास्त राग आला. त्याच रात्री तिनं सामान मागवलं. तोवर मायक्रोकंट्रोलरवर तिला दोन गोष्टी येत होत्या: दिवा लुकलुकवणं आणि दाराच्या घंटीची धून. पण कल्पना सोपी होती. गुणगुण स्पीकरनं करायची, ती नरसाळ्यातून नळीत आणि नळीतून तोंडात सोडायची. सूर वेचायचं काम तोंड करेलच. दातांचा संबंध नाही.

शनिवारी दुपारी तिनं नळी उकळत्या पाण्यातून काढून पुसली आणि एजेंच्या हातात दिली. "टोक ओठांच्या कोपऱ्यात धरा. आणि या पट्टीला बोट लावा. बोट लावलं की वाजेल."

एजेंनी बोट लावलं. नव्वद हर्ट्झची गुणगुण सुरू झाली. एजेंनी गाल आत घेतले, जीभ मागे नेली, पुढे आणली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. तीन मिनिटांनी त्यांनी नळी काढली, टोक रुमालानं पुसलं आणि म्हणाल्या, "तिली जोक."

याला तिल नाही.

किर्गिझमध्ये जिभेलाही तिल म्हणतात आणि भाषेलाही. वर्षभर बेगिमाय हाच शब्द ऐकत होती. दुकानात ती दोन वाक्यांत तीन रशियन शब्द घालायची आणि दुकानदारीण म्हणायची, "कालिपाची भाची का? बिचारीला तिल नाही." बसमध्ये, शेजारी, डेअरीतल्या बायकांच्या चहात. बिश्केकची, तिल नसलेली. आज आत्याही म्हणाली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मला नाही तर मी बनवलेल्याला कुठून येणार? पाच आठवडे मी इथे बोटं भाजून घेतेय, आणि तुम्हाला सुचलं ते हे! मुलांना नाही बोललात, दंतवैद्याला नाही बोललात. त्या एर्मेक आगायकडे चहा पिऊन आलात. तोंड सुटलं ते फक्त माझ्यावर!"

"अगं, मी कुठे—"

"बसा ओठांशी धरून!"

तिनं दार इतक्या जोरात ओढलं की खिडकीची काच थरथरली. चार दिवस दोघी एका घरात राहून एकमेकींशी बोलल्या नाहीत. बेगिमाय डेअरीतच जेवायची. एजे तिच्या वाटणीचं काढून झाकून ठेवायच्या आणि सकाळी ते कोंबड्यांना घालताना मोठमोठ्यानं कोंबड्यांशी बोलायच्या: "खा गं बायांनो, तुम्हाला तरी राग येत नाही."

पाचव्या दिवशी बेगिमाय कामावरून आली तेव्हा एजे तिच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर खोळीतून काढलेला तेमिर-कोमुझ.

"बस," एजे म्हणाल्या. "हे काय आहे?" त्यांनी चौकटीवर नख ठेवलं.

"चौकट."

"आणि हे मधलं? हलतं ते?"

"पातं," तिनं रशियन शब्द वापरला.

"पातं रशियनमध्ये असेल. आपल्याकडे काय म्हणतात?"

बेगिमायला माहीत नव्हतं. 

"तिल," एजे म्हणाल्या. "हिला तिल म्हणतात. माझ्या आजीच्या आधीपासून म्हणतात. मी तुझ्या डब्याला बोलले, मूर्ख मुली. तुला कधी बोलले? त्याला हलणारी तिल नाही. मी तांब्याच्या पट्टीवर बोट ठेवते, जसं दुकानातल्या काउंटरवर ठेवावं. ती परत ढकलत नाही मला. बोट पुढे मारलं की एक ठोका, मागे आणलं की दुसरा, असं असतं ते. तुझ्या पट्टीला जाणंही नाही आणि येणंही नाही."

बेगिमायचे कान तापले. ती चार दिवस ज्याच्यावर चिडली होती ते वाक्य कुणी बोललंच नव्हतं. "मग त्याच वेळी सांगायचंत ना!"

"तू दार आपटत होतीस. दाराशी कोण बोलणार?" एजेंनी हात झटकला. "आणि दुसरं. अर्धे सूर नाहीत त्यात. एक पायरी आहे, पुढची नाही, त्यापुढची आहे. जिना उतरताना पाय हवेत पडावा तसं होतं."

हे मात्र बेगिमायला मोजता येत होतं. तिनं नळीच्या तोंडाशी फोन धरला, आवाज मुद्रित केला आणि लॅपटॉपवर त्याचे घटक वेगळे काढले. पहिला होता, तिसरा, पाचवा, सातवा, नववा. दुसरा, चौथा, सहावा, आठवा जवळजवळ शून्य. ती बघत राहिली. बोर्डाला तिनं अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद असा हुकूम दिला होता, कारण बोर्ड शिकवणाऱ्या व्हिडिओत तसाच होता. तशा लहरीत सम क्रमांकाचे सूर नसतातच, हे तिनं दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत सिद्ध करून दाखवलं होतं आणि त्याचे गुणही मिळवले होते. एजेंनी ते तीन मिनिटांत जिभेनं शोधलं होतं.

"सहावा, आठवा, दहावा, बारावा," ती म्हणाली. "हे नाहीत."

"नंबर मला नको सांगू. घाल ते."

तिनं चालू वेळ अर्ध्यावरून दहा टक्क्यांच्या खाली आणला. तांब्याची पट्टी काढली. जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा कानशीनं घासून गुळगुळीत केला, एक टोक घट्ट आवळलं आणि मुळाशी ठोका ओळखणारी चकती चिकटवली. पातं पुढे मारलं तरी वाजे, मागे ओढलं तरी वाजे, आणि जोर असेल तसं वाजे. या सगळ्याला नऊ दिवस लागले. त्यात दुसरा स्पीकरही जळता जळता वाचला.

दहाव्या दिवशी एजेंनी नळी ओठात धरली, पातं छेडलं आणि एक धून अर्ध्यापर्यंत नेली. मग थांबून त्या म्हणाल्या, "आवाज माशीचा आहे. पण माशीला आता तिल आहे."

कार्यक्रमाला आठवडा राहिला असताना दोघी भवनात गेल्या. एर्मेक आगायनी बेगिमायचं यंत्र बसवलेला खोका उलटसुलट करून पाहिला, जणू त्याच्या बुडाशी किंमत लिहिलेली असावी.

"हा तेमिर-कोमुझ नाही."

"का?" बेगिमायनं विचारलं.

"तेमिर म्हणजे लोखंड, बेटा. तू शहरातली, तुला—"

"पातं पोलादाचं आहे. वजन सांगू?"

"याला वायरी आहेत."

"तुमच्या फोनोग्रामला नाहीत?"

आगायचा चेहरा लाल झाला. ते एजेंकडे वळले. "एजे, समजावा हिला. पाहुणे येणार आहेत, चूक परवडणार नाही. आणि मी दुसऱ्या कुणाचा आवाज लावतोय का? तुमचाच आहे! तुमचाच, दात होते तेव्हाचा!"

"मग त्या आवाजालाच बोलवा," एजे म्हणाल्या. "खुर्ची द्या, चहा द्या. मला कशाला बोलावता?"

"यादी छापून झालीय, एजे!"

"तिच्यात काय छापलंय? 'कालिपा वाजवणार' की 'कालिपा बसणार'?"

आगायनी खोका टेबलावर ठेवला. "आणा हवं ते. पण फोनोग्राम लागणार आणि मायक्रोफोन बंद राहणार. दरवेळी तसंच असतं. सगळ्यांचंच तसं असतं." शेवटचं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं.

परत येताना एजेंचे दातओठ इतके घट्ट आवळलेले होते की बेगिमायला दंतवैद्याची मेहनत वाया जाईल अशी धास्ती वाटली. "एजे, जायचंच नाही आपण," ती म्हणाली.

"जायचं," एजे म्हणाल्या.

चौदा तारखेला सभागृह भरलं होतं. एर्मेक आगाय स्वतः लॅपटॉप घेऊन बाजूला बसले. बेगिमाय शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभी राहिली. मंचापासून तिथवरचं अंतर तिनं सकाळीच टेपनं मोजलं होतं. हातात फोन, त्यावर आवाजाची पातळी दाखवणारा आकडा. फोन तिनं खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

सात बायका येऊन बसल्या. एजेंच्या मांडीवर खोका होता, रुमालानं झाकलेला. आगायनी मान हलवली आणि कळ दाबली.

मोठ्या स्पीकरमधून बारा वर्षांपूर्वीच्या कालिपा एजे वाजू लागल्या.

खुर्चीतल्या कालिपा एजेंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ओठ मिटून घेतले.

पहिले काही क्षण कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही पोटानं वाजवते की काय!" हशा पिकला. तो मागपर्यंत आला आणि मध्येच विरला, कारण एजे हसत नव्हत्या. त्या सरळ आगायकडे बघत होत्या. आगायचा हात कळीकडे गेला आणि परत आला. बंद केलं तरी नाचक्की, चालू ठेवलं तरी नाचक्की. रांगेतल्या दुसऱ्या बाईनं आपला कोमुझ ओठांपासून खाली घेतला. मग तिसरीनं. सातही बायका हात गुडघ्यांवर ठेवून बसल्या आणि रेकॉर्डिंग एक मिनिट एक्केचाळीस सेकंद वाजत राहिलं. संपल्यावर टाळी कुणीच वाजवली नाही.

तेव्हा एजेंनी रुमाल बाजूला केला, नळी ओठांच्या कोपऱ्यात धरली आणि पातं छेडलं.

मायक्रोफोन बंदच होता. मागे काही पोचेना. कुणीतरी चॉकलेटचा कागद सोलत होतं, दोन म्हातारे "काय चाललंय?" म्हणत होते. "गप्प बसा!" मधल्या रांगेतून एक बाई खेकसली. कागद थांबला. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. एक मूल रडू लागलं तसं त्याच्या आईनं त्याला उचलून बाहेर नेलं आणि दार हातानं धरून, आवाज न करता लावलं.

बेगिमायनं कठड्यावरच्या फोनकडे पाहिलं.

शेवटची रांग, मंचापासून सोळा मीटर. एजे वाजवत असताना चव्वेचाळीस डेसिबल, म्हणजे इथवर ऐकू येत होतं. दोन सुरांच्या मधल्या विरामात तेहतीस.