लोखंडी माणसाचे सोंग

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी माणूस आहे. लोखंडी कसला! चौतीस साली बारामतीच्या आबाजीने घासलेटचे डबे कापून, डाग देऊन मला एका नाटकासाठी घडवले. नाटक होते येणाऱ्या काळाचे. त्यात यंत्रे दारोदार फिरत, "जुनं द्या, नवं घ्या" म्हणत. आणि माणसे आधी भांडीकुंडी, मग गाईवासरे, शेवटी म्हातारी आईसुद्धा देऊन टाकत. त्या आईला पाहून यंत्राला माणूसपण येई आणि ते "आये!" म्हणून टाहो फोडी. माझ्या पोटात शिरून हा टाहो फोडायचा भिगवणचा रावजी. बाया पदराने डोळे पुसत. मला फार अभिमान वाटे.

पुढे नाटक मंडळी मोडली. एका भांडीवाल्याने मला विकत घेतले आणि रावजीला रोजावर ठेवले. बाजाराच्या दिवशी तो रावजीला माझ्यात घालून मागून तारेने आवळी आणि दुकानापुढे उभा करी. "जुनं द्या, नवं घ्या!" नाटकात रडलेल्या त्याच बाया तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, चकचकीत डबे नेऊ लागल्या. मला हसावे की रडावे कळेना.

एका बाजारी रावजीची आई ठमाबाई आली. कानांनी अधू. मुलगा अजून नाटकातच आहे, असे तिला वाटत होते. तिच्या डोक्यावर लग्नातली तांब्याची घागर होती, काठावर तिच्या वडिलांचे नाव घातलेली.

"माजा रावजी गावोगाव हिंडतोय," ती दुकानदाराला म्हणाली. "त्याला भाकरी न्यायला हलका डबा द्या."

माझ्या पोटात रावजी ओरडला, "आये, नगं! मी हितं हाय, आये!" तारेमुळे त्याला माझे मुंडके काढता येईना. आवाज पत्र्यात घुमला. लोकांना वाटले, नाटकातलेच चालले आहे. त्यांनी टाळ्या पिटल्या.

"काय म्हनतंय गं ह्ये?" ठमाबाईने शेजारणीला विचारले.

"आयेला हाका मारतंय, मावशी!" ती तिच्या कानात ओरडली.

ठमाबाईने माझ्या पत्र्याच्या गालावरून हात फिरवला. "बिचारं. ह्याला बी आय हाय व्हय?" म्हणाली, आणि घागर देऊन, डबा घेऊन निघून गेली.

संध्याकाळी तार सुटली तेव्हा घागर ठोकून चपटी झाली होती. रावजीने मजुरीऐवजी तो चेपलेला तांबा मागून घेतला आणि छातीशी धरून गावाकडे गेला. पुन्हा तो आला नाही. आता दुकानापुढे कर्ण्याचा फोनोग्राफ ओरडतो आणि मी मागच्या उकिरड्यावर गंजतो आहे.

मित्रांनो, नवे जरूर घ्या, पण जुने देण्याआधी त्यावरचे नाव एकदा वाचा. आणि पत्र्याआडून कोणी हाक मारली, तर टाळ्या वाजवण्याआधी आत कोण आहे ते बघा.