लाल दोऱ्याचं बटण

घरात तिला सगळे हायकोर्ट म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बाई शिवणकाम करणारी. दिवसभर मशीनवर वाकून लोकांच्या पँटी आखूड करायच्या, पडद्यांना पट्ट्या लावायच्या. पण संध्याकाळी मालिका सुरू झाली की ती निकाल द्यायला बसायची, आणि त्या निकालावर अपील नव्हतं.

मालिका परदेशातल्या भानगडींची होती. एक देखणा इंजिनियर, त्याची बायको इकडे सासूजवळ, आणि तिकडे त्याचं एका बाईशी जमलेलं. त्या बाईचं आधी त्याच्याच मित्राशी काहीतरी होतं, आणि मित्राची बायको इंजिनियरवर डोळा ठेवून. एक भाग चुकला की कोण कुणाचं हे कळायची सोय नव्हती. धाकट्या जाऊबाई वरच्या मजल्यावर राहायच्या आणि मालिकेच्या वेळेला अनवाणीच खाली यायच्या. त्यांचं मत असं की नायक बिचारा फसला आहे, एकटा पुरुष, परका मुलूख, त्यात थंडी. हायकोर्टाचं म्हणणं, फसायला तो काय कुकुलं बाळ आहे? पण तिचा खरा राग नायकावर नव्हताच. राग होता नायकाच्या आईवर. त्या बाईला सगळं माहीत होतं, आणि सुनेच्या हातचा चहा पीत ती खुशाल तोंड मिटून बसली होती. असल्या बाईला उंबऱ्याबाहेर उभी करा, असा हायकोर्टाचा निकाल होता.

हायकोर्टाची स्वतःची सून मात्र या बैठकीला नसायची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती, सुटायला उशीर व्हायचा. म्हणून तिच्यासाठी भाग रेकॉर्ड करून ठेवायचा आणि तिने बघेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, असा घरचा कडक नियम होता. मागे एकदा जाऊबाईंच्या तोंडून मित्राच्या बायकोचं लफडं निसटलं, तर सून त्यांच्याशी दोन दिवस धड बोलली नव्हती.

आता हे सगळं संपायचंच होतं म्हणा. मालिकाही आणि ही बैठकही. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेल्याला चार वर्षं झाली होती, आणि शेवटी एकदाची सून त्याच्याकडे निघाली होती. पलंगावर बॅग उघडून ठेवलेली, तिच्यात रोज एकेक वस्तू पडत होती. उद्या सकाळी ती लॅबच्या साहेबांच्या हातात राजीनामा ठेवणार होती. अशी जागा पुन्हा मिळणं कठीण, साहेबांनी तिला थांबायला पुष्कळ समजावलं होतं. पण नवऱ्यापुढे नोकरीचं काय, असं हायकोर्टानेच तिला म्हटलं होतं.

त्या दिवशी शेवटचा भाग होता. नायकाची बायको सासूसमोर उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" सासूने मान खाली घातली. हायकोर्टाने टीव्हीला उद्देशून दोन शब्द ऐकवले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मग मालिका संपली आणि प्रेक्षकांची मतं सुरू झाली. जिथे चित्रीकरण झालं त्या शहरात जाऊन, तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांना रस्त्यात गाठून विचारलं होतं, तुम्हाला मालिका कशी वाटली. मुलगा त्याच शहरात होता. जाऊबाई चहा टाकायला उठल्या.

पडद्यावर एक बाई आली. गडद हिरवा कोट, रुंद कॉलर. हायकोर्टाने बाईकडे पाहिलंच नाही, तिने कॉलर पाहिली. असली कॉलर कापणारी दुसरी कोण आहे? ती खुर्चीतून उठून टीव्हीशी गेली, डोळ्यांवर चष्मा चढवला. शेवटचं बटण लाल दोऱ्याने लावलेलं. घरच्या कपड्यांची ती खूण होती, गिऱ्हाइकांच्या कपड्यांत ते मिसळू नयेत म्हणून तिने लग्नानंतर लावून घेतलेली सवय.

तिला काय आनंद झाला म्हणून सांगू. जाऊबाईंना हाका मारल्या, अहो या, आपला कोट टीव्हीवर आलाय. मागच्या हिवाळ्यात मुलाने मापं कळवली होती. घरमालकीणबाई माझं फार करतात, आजारपणात पेज करून आणली, त्यांना एक कोट शिवून पाठव म्हणाला. कापड सुनेने निवडलं. बटणंही तिनेच लावली, आणि सवयीने शेवटच्याला लाल दोरा घातला. लक्षात आल्यावर हसली, म्हणाली, राहू दे आई, घरच्यासारख्याच आहेत त्या.

जाऊबाई पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावरची बाई मत देत होती. बोलायला फटकळ, पण हसरी. "मला विचाराल तर चूक बायकोची आहे. नवरा वर्षानुवर्षं लांब आणि हिला काही कळत नाही, असं होतं का कुठे? मला तर यांच्या नुसत्या पावलावरून कळतं." आणि तिने बाजूला सरकणाऱ्या माणसाला दंडाला धरून ओढून घेतलं. "हे आमचे मिस्टर. बोला ना हो तुम्ही पण."

मिस्टरांनी अंगठ्याने डावी भुवई खाजवली. लहानपणी खोटं बोलताना खाजवायचा तशीच. "मी मालिका बघत नाही," म्हणाला आणि हसला.

तो तिचा मुलगा होता.

टीव्हीच्या कडेला धरून ती तशीच उभी राहिली. पुढे कुणीतरी आजोबा मत देत होते, संगीत छान आहे म्हणत होते. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला, तरी दोघींपैकी एकही हलली नाही. आपण माप वाचलं, आपण कापड बेतलं, छातीशी जरा सैल ठेवलं, सुनेच्या सवतीला थंडी लागू नये म्हणून आतून अस्तर घातलं. सुनेच्या हाताने बटणं लावून घेतली.

जाऊबाई आधी सावरल्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात समजूत घालायला सुरुवात केली. तिकडे एकटा होता, झालं असेल. पोरगी गेली की आपोआप सुटेल ते. आत्ता सांगून काय मिळणार, घर मोडेल. सुनेला भाग चुकून पुसला गेला म्हणून सांगू, लाइट गेली होती म्हणू. रिमोट त्यांच्या हातात होता. हायकोर्टाची नजर त्या रिमोटवर होती. ती आई होती हो. त्याच भुवईला पडल्यावर टाके पडले होते, रात्रभर मांडीवर घेऊन बसली होती ती. पुसा, असं तिच्या जिभेवर आलं होतं, अगदी ओठांपर्यंत.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाचाच.

त्याने कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. आजचा भाग पाहिलास का, विचारलं. हिने हूं केलं. मग तो भराभर बोलत सुटला. ते असं दाखवतील असं वाटलं नव्हतं, तू समजतेस तसं नाही, तिला बघू देऊ नकोस, ती इथे आली की मी स्वतः नीट समजावून सांगेन.

"नोकरी सोडून, घर सोडून ती तिथे येणार, आणि मग तू समजावणार?"

"मग इथून ती जाणार कुठे, आई? ऐकेलच ना."

हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात लख्ख झालं. तिने फोन ठेवला. जाऊबाईंच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि त्यांना म्हणाली, तुम्ही वर जा आता.

सून आली ती पर्स खुंटीला अडकवतानाच कानांवर हात ठेवून. हसत होती. "आई, काही सांगायचं नाही हां. सासूने कबूल केलं की नाही तेसुद्धा नाही. उद्या साहेबांकडचं उरकते आणि मग निवांत बघते."

"आज नियम मोडायचा आहे," सासू म्हणाली. "इथे बस. आत्ताच बघायचं."

तिचा आवाज ऐकून सुनेने कानांवरचे हात काढले. सासूने भाग पुढे पळवला आणि बरोबर त्या जागी आणून थांबवला. मग सुनेच्या शेजारी बसली आणि बटण दाबलं. कोट दिसला मात्र, सून चटकन पुढे सरकली, "अय्या आई, आपला कोट", आणि आनंदाने सासूचा हात धरला. तो हात तसाच हातात राहिला. बाईने मत दिलं. मिस्टरांनी भुवई खाजवली.

आजोबा संगीताचं कौतुक करून गेले, आणखी कुणी आलं, गेलं. सुनेचा हात गार पडत चालला होता आणि सासू तो चोळत होती.

"बटणं मी लावली होती," ती शेवटी म्हणाली.

"हो बाळा."

मग ती वळली. चेहरा पांढराफटक, डोळे कोरडे. तिने तो भाग पाहिलाच नव्हता, तरी विचारलं तेच. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

हायकोर्टाने मान वर ठेवली. "आज दिवेलागणीपासून."

सून तिच्याकडे बघत राहिली. मग एकाएकी तिने तोंड सासूच्या खांद्यात खुपसलं आणि मोठ्याने रडायला लागली. फोन पुन्हा वाजत होता. सासूने तो उचलून उशीखाली सारला, आणि सकाळी लॅबला कामावर जायचंय, चार घास खाऊन घे, असं सुनेला सांगत राहिली.