हरळी उपटणारं खुरपं

मित्रांनो, मी एक जुनं खुरपं आहे. पिशोरच्या पुंजाराम लोहारानं मला ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवलं आणि माझ्या धनिणीच्या, आवडाबाईंच्या नवऱ्यानं बाभळीची मूठ बसवली. आज माझं पातं निम्मं झिजलं आहे आणि मी एका खिळ्याला लटकून असतो.

शहराच्या कडेला आवडाबाईंचं शेत होतं. हरळीचं गवत म्हणजे शेताची वैरीण. एक कांडी मागं राहिली, तरी बघता बघता अख्खा वाफा गिळते. आवडाबाई मला घेऊन तिच्या मुळापर्यंत जायच्या. शेजारचे म्हणायचे, "आवडाबाईच्या रानात हरळी? नावच काढू नका!" खुरप्याला छाती नसते, पण माझी फुगायची.

पुढं शहर वाढलं. शेत सरकारनं घेतलं आणि तिथं बाग झाली. आवडाबाईंचे चिरंजीव नानासाहेब नोकरीला लागले, त्यांनी बागेसमोरच घर बांधलं. आवडाबाई रोज बागेत फिरायच्या आणि कडेचं गवत कापून शेजारच्या वहिदाच्या शेळीला आणायच्या. त्यासाठी मी त्यांच्या पिशवीत असायचो.

मग बाग सुधारायचं ठरलं. बैठक बागेतच होती आणि नानासाहेब बागेच्या समितीत होते. सकाळी आवडाबाई म्हणाल्या, "नाना, लिंबाखाली एक बाकडं मागशील का रं? तुझे बापू तिथंच भाकर खायचे. मला आता खाली बसवत नाय."

"तूच ये की आई, तूच सांग," नानासाहेब म्हणाले.

आवडाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. टेबलावर मोठा नकाशा पसरला होता. कारंजं कुठं बसवायचं यावर पालिकेच्या साहेबांची आणि समितीच्या मंडळींची बोलणी संपेनात. आवडाबाई वाट बघत बाजूला उभ्या होत्या. तिथंच नमुना म्हणून नवीन हिरवळ लावलेली होती. त्यांनी वाकून पाहिलं. हरळी! आपल्या रानात हरळी! हात आपोआप पिशवीत गेला. मित्रांनो, मलाही वाटलं, जुने दिवस परत आले. तिकडं कारंज्याचा वाद मिटेपर्यंत इकडं आम्ही निम्मी हिरवळ मुळासकट उपटून काढली.

"अरे अम्मा, क्या कर रहे तुम? पूरा लॉन निकाल दिये!" राखणदार फारूख ओरडत धावला. सगळी मंडळी उठली. साहेब कडाडले, "कोण ही बाई? कुणाची आहे?"

आवडाबाईंनी नानासाहेबांकडं पाहिलं. नानासाहेबांनी नकाशाकडं पाहिलं.

फारूखनं मला काढून घेतलं. आवडाबाई पदर सावरत, बाकडं न मागताच निघून गेल्या. मी राखणदाराच्या खोलीत झाडूशेजारी पडून होतो. ज्या कामाची जन्मभर शेखी मिरवली, त्याच कामानं माझ्या धनिणीला चारचौघांत मान खाली घालायला लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बागेत कुणी नसताना नानासाहेब आले. "ते खुरपं आमचं आहे," ते हळूच म्हणाले.

"मतलब वो अम्मा आपकी?" फारूख चपापला. "कल बोले क्यों नहीं साब? मैं ऐसा चिल्लाताच नहीं था."

नानासाहेब मला घेऊन खालमानेनं घरी निघाले.

घरी आवडाबाईंनी माझ्यावरची माती पदरानं पुसली. "मला नाय वळखलंस, खुरप्याला तरी वळखलंस. लई झालं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. नानासाहेब दारातच उभे राहिले, त्यांना आत येववेना.

पुढच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "ती बाई माझी आई. ही बाग म्हणजे तिचं शेत." लिंबाखाली बाकडं आलं. आता अख्खी वसाहत त्यावर बसते. आवडाबाई तेवढ्या अजून गेल्या नाहीत. नानासाहेब रोज विचारतात. त्या "जाईन की" म्हणतात आणि पिशवीही उचलत नाहीत.

मित्रांनो, माझ्यावर गंज चढला तर विटकरीनं घासा, निघून जाईल. पण आपल्या माणसाला चारचौघांत, तिथल्या तिथं आपलं म्हणा. दुसऱ्या दिवशी खुरपं न्यायला येऊ नका.