न मोजलेली संध्याकाळ

यहुद्यांचा वल्हांडण सण सरला, पण सासऱ्यांचं खरं काम त्या सणातच सुरू झालं होतं. रोज अंधार पडला की उभं राहायचं, देवाचा धन्यवाद म्हणायचा आणि आजचा दिवस मोजायचा. असे सात आठवडे. गुलामीतून सुटलेल्या पूर्वजांना नियमशास्त्र मिळालं, तोवरचे हे दिवस. दिवस मोजावा आणि मनातलं एखादं जळमट काढावं, असं ते सुनेला सांगत. नियम मात्र कडक. एक रात्र आणि तिच्या पाठचा दिवस, दोन्ही हुकले तर पुढे नुसतं मोजायचं, धन्यवाद म्हणायचा नाही. म्हटला तर देवाचं नाव फुकट घेतल्यासारखं. शिंपीकामात उभा जन्म गेला, सणासुदीला गिऱ्हाइकं डोक्यावर बसायची, पण सासऱ्यांचं मोजणं कधी हुकलं नव्हतं.

यंदा नव्या गोळीने त्यांना दिवेलागणीलाच गुंगी यायची. म्हणून उठवायचं काम सुनेकडे आलं.

एका संध्याकाळी बाळ तापाने फणफणलं. नवरा बस चालवायचा, त्याची उशिराची पाळी. बाळाला खांद्यावर टाकून तिने ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घातल्या, आणि ते निजलं तशी भिंतीला टेकून तिचाही डोळा लागला. दुसरा दिवस दवाखान्याच्या बाकावर गेला. संध्याकाळी सासऱ्यांनी सहज विचारलं, काल मोजलं का गं आपण? मोजलं की, असं ती बोलून गेली. वर तिखटमीठही लावलं, की तुम्ही पेंगत होतात, म्हणून आठवत नसेल.

सासऱ्यांनी आठवून पाहिलं. मग उठले आणि डोळे मिटून, खणखणीत आवाजात देवाचा धन्यवाद म्हणाले.

तेव्हापासून संध्याकाळ तिला नकोशी झाली. ते म्हणायला लागले की ती पाठ करून घडी घातलेल्या लंगोटांची पुन्हा घडी घालत बसायची. आमेन तिच्या तोंडून फुटत नसे. त्यांचं जळमट निघत होतं की नाही कोण जाणे, तिचं मात्र रोज नवं लागत होतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, देवाला तेवढाच उद्योग आहे का? म्हणून त्यालाही सांगितलं नाही.

मग एका दुपारी सासऱ्यांनी शेजारणीचा दुरुस्तीला आलेला कोट न उसवता तसाच परत पाठवला, आणि मुलाला डोक्याच्या डॉक्टरची वेळ घ्यायला सांगितलं. बाळाला भरवता भरवता तिने कारण विचारलं.

"त्या संध्याकाळी मोजल्याचं मला आठवतच नाही," ते म्हणाले. "तू म्हणतेस मोजलं, म्हणजे मोजलंच असणार. मग माझ्या डोक्याचा काय भरवसा? लोकांच्या कपड्यांना कात्री कशी लावू?"

तिने चमचा वाटीत ठेवला.

"बाबा, नाही मोजलं. मी उठवलंच नाही तुम्हाला. आणि मग खोटं बोलले."

बाळाने चमच्यासाठी हात आपटले. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाळ रडत होतं," ते सावकाश म्हणाले. "गुंगीतही मला ऐकू येत होतं. वाटलं, येशील आता."

"हो."

"म्हणजे मला आठवत होतं ते बरोबर होतं."

"हो, बाबा."

"आणि मी मात्र रोज निजताना घोकायचो, सुनेचं नाव, नातवाचं नाव. म्हटलं, उद्या हेही जाईल."

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं, असं तिला झालं. तिचे डोळे भरले. "बाळाला भरव, भूक लागलीय त्याला," एवढंच म्हणून ते आत गेले.

अंधार पडल्यावर ती भीत भीत त्यांच्या खोलीशी गेली. ते आधीच उठून बसले होते. उभे राहिले. सवयीने ओठ धन्यवादासाठी हलले आणि थांबले. नुसता आकडा म्हणाले, हळू आवाजात. धन्यवादाविना तो आकडा तिला उघडाबोडका वाटला.

"तूही म्हण," ते म्हणाले.

मी कधी मोजलेलं नाही, असं ती पुटपुटली. मग आजपासून मोज, माझ्यासारखं नुसतंच, ते म्हणाले. तिने आकडा म्हटला. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हटला.

"रागावलात ना?" तिने विचारलं.

"रागावलोय. उद्याही असेन." त्यांनी पांघरूण ओढलं. "पण उद्या अंधार पडला की हाक मार."