न हलवलेली निग्रोनी

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेलंही नसेल. मी स्टीलचा शेकर आहे, बारमधला. खाली उंच पेल्यासारखं अंग, त्यावर भोकांची गाळणी असलेले खांदे आणि डोक्यावर छोटं टोपण. पेय आणि बर्फ पोटात घ्यायचा आणि हलवून घ्यायचं, एवढंच माझं काम. माझी तेव्हाची नोकरी मोठ्यांच्या पेयांची, म्हणून त्यातला घोट मागू नका. पण मला सांगायचं आहे ते मत्सराबद्दल, आणि तो लहानमोठा पाहून येत नाही.

माझा जन्म भाईंदरच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याची चकती दाबली, ओढली, फिरत्या चाकावर घासली आणि मी चमकू लागलो. भांड्यांच्या दुकानात धूळ खात पडलो होतो, तेव्हा रूपेशने मला उचललं. बोटाने टिचकी मारली, कानाशी धरून आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा चालेल."

रूपेश शहापूर तालुक्यातल्या डोळखांबकडचा. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना एक रिसॉर्ट लागतं, तिथल्या बारवर तो कामाला होता. काय हात होता त्याचा! तो मला खांद्यावरून मागे फेकायचा आणि पाठीमागून झेलायचा. पाहुणे टाळ्या वाजवायचे, मोबाइल वर धरायचे. टाळ्या रूपेशला मिळत होत्या हे खरं, पण हवेत मी असायचो. त्यामुळे निम्म्या टाळ्या माझ्या, असा माझा हिशेब होता. अशी बरीच वर्षं सुखात गेली.

मग पल्लवी आली. धसईची मुलगी, कल्याणला हॉटेलचं शिक्षण घेतलेली. सकाळच्या एसटीने यायची. पहिल्याच दिवशी तिने पिशवीतून जुन्या ओढणीत गुंडाळलेला एक काचेचा ग्लास काढला. जाड बुडाचा, अंगावर चौकटींची नक्षी, तोंडाला ओतायला छोटी चोच. सोबत एक लांब दांड्याचा पिळाचा चमचा. तिने तो ग्लास मऊ फडक्याने पुसला आणि नेमका माझ्या शेजारी ठेवला. मित्रांनो, मला इतकी वर्षं तारेच्या घासणीने घासत होते. मऊ फडकं कसं असतं ते मी त्या दिवशी दुसऱ्याच्या अंगावर पाहिलं.

उन्हाळ्यात रिसॉर्टच्या मालकीण ताराबाई काउंटरवर एक बाटली घेऊन आल्या. मेक्सिकोला जाऊन आलेल्या एका पाहुण्याने ती त्यांना भेट दिली होती.

"हिला मेझकाल म्हणतात," त्या म्हणाल्या. "आपल्या बांधावर घायपात असते ना, तिच्याच जातीच्या झाडाचा गड्डा जमिनीत खड्डा करून भाजतात आणि त्याची ही दारू काढतात. मी गच्चीवर नवा बार काढतेय. या मातीतलं वाटेल असं एखादं पेय तयार करा दोघं. मग ही वापरा, नाहीतर करवंद वापरा. ज्याचं पेय मला पटेल, गच्ची त्याच्या ताब्यात."

रूपेशचा चेहरा उतरला. इतकी वर्षं काम केल्यावर गच्ची आपोआप आपलीच, असं तो धरून चालला होता. तो करवंदांच्या मागे लागला. पल्लवीने बाटलीचं बूच काढलं आणि डोळे मिटून वास घेतला.

"रूपेशदादा, बघ तरी. राब भाजल्यावर शेतात येतो, तसाच वास हाय."

"शेणापाल्याचा धूर कोन पिनार गो?" रूपेश म्हणाला. बाहेर त्या दिवसांत भाताच्या रोपांसाठी शेतात शेण-पालापाचोळा पसरून जाळणं, म्हणजे राब भाजणं, चालूच होतं. तोच वास खिडकीतूनही येत होता.

पल्लवीने निग्रोनी करायचं ठरवलं. हे जुनं, नावाजलेलं कडू पेय. जिन, एक लाल कडू मद्य आणि व्हर्मूथ नावाचं गोडसर मद्य, तिन्ही सारख्या मापाने. तिने जिन काढून त्या जागी मेझकाल घातली, बर्फावर ढवळली आणि चाखली.

"नाय. सगळा धूरच. कडू कुठं गेलं?"

मग तिने मेझकाल निम्मी केली आणि निम्मी जिन परत घातली. आता गोड पुढे येऊ लागलं, म्हणून व्हर्मूथ थेंबभर कमी केलं. बाटली एकच होती, म्हणून ती टोपणभर मापाने करून बघायची. रोज काचेच्या त्या ग्लासात चमचा गोल फिरायचा, टिण टिण आवाज यायचा आणि ग्लासाच्या अंगावर बाहेरून दव धरायचं. मी शेजारी कोरडा उभा. माझ्यात ओत ना, एकदा तरी ओत, असं मला ओरडावंसं वाटायचं.

एकदा रूपेशनेच विचारलं, "शेकरमधे का नाय करत? पटकन होईल."

"हलवली की गढूळ होते, दादा. वर फेस येतो. निग्रोनी ढवळायचीच असते."

ती सहज बोलून गेली. पण त्या दिवसापासून मला त्या ग्लासाची चमक बघवेना. आणि रूपेशला पल्लवी बघवेना. त्याच्या हातात असताना मला ते कळायचं, तो मला पूर्वीपेक्षा घट्ट धरू लागला होता.

चाखण्याचा दिवस आला. उन्हं कलली होती. ताराबाई चार पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यात बसल्या होत्या. पल्लवी बर्फाची लादी आणायला आत गेली. रूपेश काउंटरशी एकटाच होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग त्याचं कोपर सरकलं आणि ग्लास खाली पडून फुटला.

कोपर लागलं असं कुणीही म्हटलं असतं. पण मी वीतभर अंतरावर होतो. कोपर लागलं नाही, कोपराने ढकललं. आणि मला आनंद झाला, मित्रांनो. पोटातून झाला.

पल्लवी बर्फ घेऊन आली आणि दारातच थांबली.

"कसा पडला?"

"फडका लागला बहुतेक," रूपेश खाली न बघता म्हणाला.

तिने काचा गोळा केल्या.

आधी रूपेशची पाळी होती. त्याने करवंदांचा रस, लिंबू आणि रम माझ्यात घातली आणि मला असं काही फेकलं की पाहुणे उभे राहिले. ताराबाईंनी घोट घेतला. "छान आहे रूपेश. पण हे तू दर उन्हाळ्यात करतोस."

मग पल्लवी पुढे आली. बाटलीत जेमतेम एका पेयाची मेझकाल उरली होती.

"दादा, तुझा शेकर देशील?"

सगळ्यांसमोर तो नाही म्हणू शकला नाही. मला वाटलं, आता ही मला हलवणार आणि सगळं गढूळ होणार. रूपेशलाही तेच वाटलं असणार, कारण त्याने मला लगेच पुढे सरकवलं.

तिने करवंदाचा वास जाईपर्यंत मला धुतलं. माझे खांदे आणि टोपण बाजूला ठेवलं. नुसत्या अंगात बर्फ घातला, चारही मद्यं ओतली, मेझकाल सर्वांत शेवटी, आणि लांब चमचा आत सोडला. "स्टील लवकर गार होतं, लवकर थांबायला हवं," असं ती स्वतःशीच पुटपुटली. चमचा माझ्या भिंतीला लागून गोल फिरू लागला. ना उड्या, ना टाळ्या. माझ्या आत गारवा हळूहळू चढत गेला. इतकी वर्षं माझ्या पोटात काय असतं हे मला कधी कळलंच नव्हतं. सगळं धडाधड व्हायचं. त्या संध्याकाळी मला आधी गोड कळलं, मग कडू, आणि मग धूर.

तिने माझे गाळणीचे खांदे परत चढवले, पेय एका मोठ्या बर्फाच्या तुकड्यावर गाळलं आणि वर संत्र्याची साल पिळली. लाल रंग अगदी नितळ होता.

ताराबाईंनी घोट घेतला आणि समोरच्या डोंगराकडे पाहिलं. "धूर मागून येतो ग," त्या म्हणाल्या. मग ग्लास रूपेशपुढे केला. "तू चाख. तुझी जीभ जुनी आहे."

त्याला वाईट म्हणता आलं असतं. त्याने एक घोट घेतला. मग आणखी एक.

"बरोबर झालंय," तो म्हणाला. "आनि ताई, हिचा ग्लास पडला नाय. मी पाडला."

पल्लवी म्हणाली, "माहीत होतं, दादा. फडका तुझ्या खांद्यावर होता."

"मग माझाच शेकर कसा मागितलास?"

"ढवळायला दुसरं भांडं कुठं होतं?"

गच्ची पल्लवीला मिळाली. ताराबाईंनी रूपेशला बारवरून काढलं आणि पोहण्याच्या तलावाजवळ सरबतांच्या टेबलावर पाठवलं. मीही त्याच्याबरोबर गेलो. आता माझ्या पोटात कोकम असतं, नाहीतर कैरीचं पन्हं. ओल्या अंगाची मुलं रांगेत उभी राहून "काका, अजून उंच!" म्हणून ओरडतात. पहिले काही दिवस रूपेशने मला फेकलंच नाही.

पुढे एका सुट्टीला तो कल्याणला गेला आणि तसाच जाड काचेचा ग्लास घेऊन आला. येताना तो त्याने स्वतःच्या टॉवेलात गुंडाळला होता. पल्लवीने तो हातात तोलून पाहिला. "जड हाय. चांगला हाय," एवढंच ती म्हणाली आणि वर घेऊन गेली.

खोटं कशाला बोलू? वरून चमच्याचा टिण टिण आवाज आला की अजूनही माझ्या पत्र्यात कळ उठते. पण तोच चमचा माझ्यात फिरला ती संध्याकाळही तेव्हा आठवते आणि कळ उतरते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं झाकणाचं एखादं भांडं असेल, पाण्याची बाटली, नाहीतर डबा. ते धुतलंत की लगेच झाकण लावून ठेवू नका. ओलं भांडं बंद केलं की त्यात कुबट वास धरतो आणि मग कितीही घासलं तरी जात नाही. त्याला थोडा वेळ उघडं ठेवा, पालथं घाला, वारा लागू द्या. एवढं माझ्यासाठी कराल का?