‘सायीचा डबा’ला किती मार्क

आमच्या दुकानात दर रविवारी सकाळी चार शहाणी माणसं जमतात आणि आठवडाभरात पाहिलेल्या सिनेमाचा पंचनामा करतात. दुकान फोटोफ्रेमचं, कसबा पेठेत. रविवारी गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे त्यांना मोकळं रान. दुकानामागे माझं स्वयंपाकघर आणि मध्ये प्लायवूडची भिंत. तिकडे कोणी शिंकलं तरी इकडे कळतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं मी न पाहिलेले सगळे सिनेमे मला इच्छा नसताना ऐकावे लागतात आणि वर चहा करावा लागतो.

मंडळाचे संस्थापक आमचे हे, मकसूद. दुसरे कोंडीराम. यवतमाळहून नोकरीसाठी आले, कारखान्यातून रिटायर झाले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी आमच्या दुकानाला वाहिलं. तिसऱ्या सत्यशीलाबाई. शाळेत गणित शिकवायच्या, आणि शाळा सुटली तरी समोरच्याला तोंडी परीक्षेला उभं करायची सवय सुटलेली नाही. चौथी नम्रता, आयटीतली, वयाने आमच्या मुलीएवढी. तिला दुसरं काही काम नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "काकू, ऑफिसमध्येही आम्ही हेच करतो, फक्त तिथे चहा इतका चांगला नसतो."

यांचे नियम आहेत. पहिला म्हणजे कोरी पाटी. सिनेमा पाहण्याआधी त्याच्याबद्दल काही वाचायचं नाही, पोस्टर बघायचं नाही, गोष्ट विचारायची नाही. मन आधीच बनलं की मार्क चुकतात म्हणे. दुसरा नियम बोटांचा. शेवटचं दृश्य संपलं की पडद्यावर नावं यायच्या आत सगळ्यांनी एकदम बोटं वर करायची. जितकी बोटं तितके मार्क, अर्ध्यासाठी एक बोट दुमडायचं. एकदा दिलेला मार्क बदलायचा नाही. आणि दहापैकी सातच्या वर कोणी जायचं नाही, हा नियम कुठे ठरला नव्हता, पण पुण्यात तो वेगळा ठरवावा लागत नाही.

आमची मुलगी तरन्नुम मुंबईत सिनेमांना आवाज देते. म्हणजे गाणी नव्हेत. सिनेमात दार लागतं, पावलं वाजतात, कोणी पाणी ओततं, ते आवाज नंतर वेगळे करून बसवायचे असतात. हे तिचं काम. दोन वर्षांपूर्वी तिने एका छोट्या सिनेमाचं काम केलं आणि हौसेने बापाला दाखवलं. बापाने साडेचार मार्क दिले. पोटच्या पोरीला साडेचार. तेव्हा मी मकसूदांशी आठवडाभर बोलले नव्हते. घरात आम्ही एरवी आमची दखनी बोलतो, पण भांडण मराठीत करतो. कसब्यात जन्म गेल्यावर भांडायला दुसरी भाषा पुरत नाही.

आता तिचा पहिला मोठा सिनेमा आला, ‘सायीचा डबा’. कोणी ओळखीचे नट नाहीत, जाहिरात नाही, आणि सगळ्या शहरात मिळून एकच खेळ, तोही दुपारचा, तोही वाघोलीला. शुक्रवारी तो निघणार हे उघड होतं. तरन्नुमने फोन करून सांगितलं, "अब्बू, बघा आणि मार्क सांगा. मी वाट बघतेय." एवढंच. कथा सांगायला लागली तर मकसूदांनी कानावर हात ठेवले.

मी रविवारी निघताना त्यांना बजावलं, "तुमचे नियम तुमच्यापाशी. पण या वेळी पोरीला रडवलंत तर तुमच्या मंडळाचा चहा बंद." ते नुसता चष्मा पुसत राहिले.

नम्रताच्या गाडीत आम्ही पाच जण. सत्यशीलाबाई मंडईतून थेट आल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी. नगर रस्त्याच्या गर्दीत गाडी मुंगीसारखी सरकत होती आणि आत वाद चालला होता की सिनेमात मध्यंतर असावं की नसावं. पोचलो तेव्हा खेळाची वेळ होऊन गेली होती. त्यात दाराशी वॉचमनने पिशवी अडवली. बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायचे नाहीत.

"ही मेथी आहे," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "कच्ची. तुम्ही कच्ची मेथी खाता का?"

"मॅडम, नियम आहे."

"नियम मलाही कळतात. मेथी निवडून, धुऊन, फोडणीला टाकल्यावर खाद्यपदार्थ होते. तोपर्यंत ती पालापाचोळा आहे."

मला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं. माझ्या मुलीचा सिनेमा आत चालू होता आणि ही बाई मेथीची व्याख्या करत होती. शेवटी नम्रता म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, स्क्रीन नंबर चार, मी पिशवी ठेवून येते." कोंडीराम नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे. दार ढकललं, अंधारात शिरले, आम्ही त्यांच्या मागे. आत जेमतेम दहा-बारा डोकी. नम्रता थोड्या वेळाने कोंडीरामांच्या आवाजाचा माग काढत आली.

पडद्यावर एक एसटी स्टँड होता. एक कंडक्टर, एक चहावाली आणि त्यांचं न बोललेलं प्रेम. दर दोन मिनिटांनी बस यायची. दर बसला मकसूद मला कोपर मारायचे. "ऐकलंस? पोरीने काय हॉर्न दिलाय." मध्येच डोळे पुसायचे. मला राहून राहून वाटत होतं की नाव ‘सायीचा डबा’ आणि यात दूधसुद्धा पावडरचं दाखवलंय. पण विचारणार कोणाला? सगळ्यांच्या पाट्या कोऱ्या.

सिनेमा संपला. बोटं वर गेली. कोंडीराम पाच, सत्यशीलाबाई साडेचार, नम्रता सहा. आणि मकसूदांचे दोन्ही हात वर, सगळी बोटं ताठ. दहा.

सत्यशीलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मकसूदभाई, बोटं मोजून वर करायची असतात."

"मोजलीत," मकसूद म्हणाले. नावं सुरू व्हायच्या आत त्यांनी फोन काढून तरन्नुमला बोलका मेसेज पाठवूनही दिला. "बेटा, दहा. पूर्ण दहा. ते हॉर्न तर काय सांगू." मला क्षणभर त्यांचं इतकं कौतुक वाटलं की मी त्यांचा हात धरला.

मग नावं येत गेली. दिव्याखालची माणसं, जेवण पुरवणारी माणसं, कोणाकोणाचे आभार. आवाजाच्या खाली भलतंच कोणाचं नाव. तरन्नुमचं नाहीच.

"नाव कापलं पोरीचं," कोंडीराम उठले. "असं कसं कापतेत जी? चाला, आपण पाहू."

चौघं तावातावाने बाहेरच्या काउंटरवर गेले, मी मागून. तिथे एक शांत मॅनेजर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, नम्रताच्या फोनमधलं तिकीट बघितलं आणि म्हणाला, "काका, तुमचा सिनेमा चारमध्ये होता. तुम्ही दोनमधून बाहेर आलात. चारमधलाही आत्ताच संपला."

नम्रताने तिकीट स्वतः परत वाचलं. मग सत्यशीलाबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण दुसऱ्याच विषयाचा पेपर तपासला."

तेवढ्यात मकसूदांचा फोन वाजला. तरन्नुम. त्यांनी घाबरून तो माझ्या हातात दिला, मी स्पीकर लावला.

"अब्बू, कुठले हॉर्न? आमच्या सिनेमात गाडीच नाही. सगळा सिनेमा एका घरात आहे."

मकसूदांनी खरं ते सांगितलं. मी म्हटलं, आता हसेल. हसली नाही.

"म्हणजे तुम्ही पडद्यावर काहीही बघितलं असतं तरी दहाच दिले असते," ती मराठीत म्हणाली. तेव्हाच मी ओळखलं, हे भांडण आहे. "अब्बू, सगळे मला छान म्हणतात. दिग्दर्शक छान म्हणतो, मैत्रिणी छान म्हणतात. तुम्ही साडेचार दिले होते तेव्हा मी रडले, पण नंतर बसून सगळं काम परत ऐकलं आणि तुमचं बरोबर होतं. मला खरं सांगणारं एकच माणूस होतं. आता तेही गेलं." आणि तिने फोन ठेवला.

परत येताना गाडीत कोणी वाद घातला नाही. नम्रताने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. मला मकसूदांचा राग आला होता आणि त्याहून जास्त माझा, कारण चहा बंद करायची धमकी माझीच होती. मेथी मात्र घरी सुखरूप पोचली.

मंगळवारी मकसूदांनी भर आठवड्यात दुकान बंद ठेवलं. "चल," म्हणाले. मंडळाला सांगितलं नाही. मनपाहून बस पकडून आम्ही वाघोलीला गेलो, तासभर आधी. त्यांनी दारावरचा चार आकडा दोनदा बघितला, वॉचमनला विचारलं, मग आत बसले. हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखे.

सिनेमा एका घराचा होता. बाहेरच्या खोलीत भाऊ बसलेत, जमिनीचं बोलतायत, राजकारणाचं बोलतायत. आत मोठी सून. ती सिनेमाभर फारसं बोलतच नाही. फक्त आतून आवाज येतात. डब्याचं झाकण, उलथनं, नळ. आणि मग एका जागी तिने पातेलं ओट्यावर आपटलं. धाडकन. आणि त्यानंतर ते हळूच डुगडुगत राहिलं, टक टक टक, थांबेपर्यंत.

ते पातेलं माझं होतं. माझं चहाचं जर्मनचं पातेलं, बुडाला पोचा आलेलं. ठेवलं की एकदा वाजतं आणि मग डुगडुगतं. मागच्या वर्षी तरन्नुम सुट्टीला आली होती तेव्हा रविवारी ओट्याखाली छोटं यंत्र घेऊन बसायची. मी विचारलं, काय करतेस, तर म्हणाली, काही नाही, तू तुझं काम कर. आणि मी करत होते. बाहेर यांचे मार्कांवरून वाद चालत होते आणि आत मी भांडी आपटत होते. इतक्या वर्षांचा माझा वैताग त्या मोठ्या पडद्यामागून येत होता आणि अनोळखी माणसं गप्प बसून तो ऐकत होती. मला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

शेवटचं दृश्य संपलं. मकसूदांनी बोटं वर केली. सहा सरळ, एक दुमडलेलं. नावं आली, तरन्नुमचं नाव आलं. ते जाईपर्यंत दोघंही उभे होतो.

बसस्टॉपवरून स्पीकरवर फोन लावला. "साडेसहा," मकसूद म्हणाले. पलीकडून तिने सोडलेला श्वास मला इथे ऐकू आला.

"साडेतीन कुठे गेले?" ती म्हणाली. आवाज हसरा होता. दखनीवर परत आली होती.

मग बापलेकीचं सुरू झालं. पावलं चांगली, पावसाचा आवाज जरा जास्त, दाराची कडी उत्तम. "पण बेटा, ती भांडी. तिथे मी पूर्ण मार्क कापला. घरात कोणती बाई इतक्या जोरात पातेलं आपटते? आणि समजा आपटलं, तर बाहेर बसलेल्यांना ऐकू येत नाही? भिंत किती पातळ दाखवलीय. ते आपलं बोलतच राहतात. हे मला पटलं नाही. असं कुठे असतं?"

तरन्नुमने त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "अम्मी आहे का तिथे?"

"आहे," मी म्हटलं.

"तुला कळलं?"

"पातेलं ठेवल्याबरोबर."

"काय कळलं?" मकसूदांनी विचारलं. आम्ही दोघींनी सांगितलं नाही. बस आली.

पुढच्या रविवारी मंडळ भरलं. मकसूदांनी मंगळवारची हकिकत सांगितली. कोंडीराम रागावले की आम्हाले काऊन नाही नेलं. सत्यशीलाबाईंनी साडेसहाचा हिशोब मागितला. मकसूद पावलं, कडी, पाऊस करत भांड्यांपर्यंत आले. "मला सांगा," ते म्हणाले, "बाहेर चार माणसं बसलीत, आत बाई पातेलं आपटते आणि एकाचंही—"

मी पातेलं ओट्यावर ठेवलं. मुद्दाम नव्हे. रोज ठेवते तसंच. धाडकन. मग टक टक टक.

बाहेरचं वाक्य तिथेच थांबलं. मग मकसूद आत आले. रविवारी मंडळ चालू असताना ते कधी आत येत नाहीत. त्यांनी पातेलं उचललं, बुडाचा पोचा बोटाने चाचपला, परत ठेवलं आणि ते थांबेपर्यंत मान खाली घालून ऐकलं.

"हे कधीपासून असं वाजतं?"

"तुमचं मंडळ सुरू झाल्यापासून."

ते जरा वेळ तिथेच उभे राहिले, माझ्याकडे न बघता. मग बाहेर गेले आणि मला भिंतीतून ऐकू आलं, "माझा मार्क रद्द. मी नीट ऐकलं नव्हतं."

"दिलेला मार्क बदलत नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "नियम आहे."

"मग राहू द्या माझा. बिलकिसने सिनेमा पाहिलाय. तिला विचारा." आणि आवाज चढवून, "बिलकिस, तू किती देतेस?"

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा विचारलं गेलं. मी हात पुसले आणि बाहेर आले. कोंडीरामांनी उठून स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. सात बोटं वर केली आणि आठवं दुमडलं.

"साडेसात?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "सातच्या वर कोणी जात नाही इथे."

"ते तुमचं तुम्ही ठरवलंय," मी म्हटलं. "चहा झालाय. ज्याचा त्याने आतून आणायचा."